आवाजाचं शेपूट

चंद्रपुरात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, माणसं किती तेही विचारलं नाही. माझ्या डोक्यावर भांड्यांचं टोपलं होतं. त्यातला पितळेचा गंज, म्हणजे उभं पातेलं, तो त्यांनी उचलला, बोट वाकवून त्याच्या हाडानं एकदा ठोकला आणि कानाजवळ धरून उभे राहिले. आवाज पुरता विरेपर्यंत हलले नाहीत. मग गंज माझ्या हातात देऊन म्हणाले, "चांगला थकते. या राहाले."

आमचे हे माझ्या कानात म्हणाले, "येडा हाय का हा?" मी तशीही कुठे बोलत नसे. खोली कोरडी होती, नळ अंगणात होता, म्हणून आम्ही राहिलो. पुढची पुष्कळ वर्षं राहिलो.

जुन्या गावाभोवतीच्या परकोटाच्या आत, त्या भिंतीला लागून त्यांचं घर. समोरच्या खोलीत दुकान. त्यांचे आजोबा पेट्या दुरुस्त करायचे, म्हणजे बाजाच्या पेट्या, वडीलही तेच करायचे, आणि घरमालकही तेच करत. गावातले लोक त्यांना पेटीमास्तर म्हणायचे. मी भाऊ म्हणायची. भजनी मंडळाची पेटी असो, कव्वालीवाल्यांची असो, ते तिचं पोट उघडून आतल्या पितळेच्या पट्ट्या एकेक करून कानस लावून घासत. दिवसभर ती बारीक खर्र खर्र चालायची. मला त्या आवाजाची इतकी सवय झाली की शुक्रवारी दुकान बंद असलं की घरात कोणी आजारी पडल्यासारखं वाटायचं.

भाऊंचं ठोकणं मात्र शुक्रवारीही बंद नसे. पाण्याचं पिंप ठोकायचे. दाराची साखळी सोडून द्यायची आणि ती हलायची थांबेपर्यंत ऐकायचं. भाजीवाल्याच्या हातगाडीवरचे सगळे दुधीभोपळे ठोकून बघायचे आणि एकही न घेता आत यायचे. तो भाजीवाला शेवटी आमच्या गल्लीत शिरायचाच बंद झाला. बांगड्यावाली आली तर तिला म्हणायचे, "बाई, हात खाली सोड एकदा." ती घाबरून पळाली. मग भाभी, म्हणजे त्यांची बायको, दारात उभ्या राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलायच्या.

"साऱ्या दुनियेचा नवरा काम करून थकते. माह्यावाला भांडे वाजवून थकते."

भाऊ खरंच थकलेले असायचे. पायरीवर बसले की दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून, "थकलो बाप्पा," म्हणायचे. पण त्यांच्या तोंडी ती तक्रार नव्हती. थकण्याला ते चांगलं समजत. आवाजाचीही परीक्षा ते त्याच्यावरूनच करत. एकदा मला म्हणाले, "खरा आवाज जन्माले येते, जोरात राहते, मंग थकते. मशीनचा थकतच नाई. बटन सोडलं का मरते. थकणं आन् मरणं येगळं हाय, बाई."

मी तांदूळ निवडत होते. मान हलवली. मी मान हलवते म्हणून ते मला सांगायचे. भाभींना सांगितलं तर उत्तर मिळायचं.

हे मशीनचं वेड त्यांना कीबोर्डनं लावलं. नागपूरला एक आर्केस्ट्रा मोडला, त्यांचा कीबोर्ड भाऊ घेऊन आले. काळा, लांब, वर गोल फिरवायच्या खुंट्यांची रांग, बाजूला फ्लॉपी घालायचं तोंड. टेम्पोतून उतरवला तेव्हा भाभींनी विचारलं, "हे का मय्यत हाय? असं दोघा जणानं धरून आणून राह्यले ते?" भाऊ हसले नाहीत. दुकानातल्या पेट्या बाजूला सारून त्यांनी त्याला मधोमध जागा दिली.

त्या कीबोर्डात दोन तऱ्हेचे आवाज होते, हे मला त्यांनीच समजावलं. एक पकडलेला. म्हणजे खरी वस्तू वाजवायची, टेपवर घ्यायची, तिथून कीबोर्डात भरायची, मग ती प्रत्येक बटणावर वाजते. दुसरा बनवलेला. तो कुठून आणायचा नसतो. विजेचाच एक सपाट आवाज असतो, खुंट्या फिरवून फिरवून त्याला जाड, बारीक, उघडा, बंद करत न्यायचं. भाऊ त्यातली एक खुंटी हळूहळू फिरवायचे तेव्हा उकळत्या भांड्यावर कोणी झाकण सरकवत आणावं तसा तो आवाज आत आत जायचा.

"पकडलेल्याले जीव असते," ते म्हणायचे, "पण याच्या पोटात जागा नाई. चुटकीभर घेतला का भरलं. आन् बनवलेला पाह्यजे तेवढा लांबवा, पण त्याले जन्मच नाई. म्हणून डोकं पकडलेलं लावाचं आन् शेपूट बनवलेलं. जोड दिसली नाई पाह्यजे, बस."

आणखी एक गोष्ट होती. लाईट गेली की कीबोर्ड पकडलेले आवाज विसरून जायचा, ते पुन्हा फ्लॉपीतून भरावे लागत. बनवलेले विसरत नसे. चंद्रपुरात लाईट जायची तेव्हा भाऊ अंधारात म्हणायचे, "गेले सारे डोके. शेपट्या राह्यल्या."

लग्नाच्या दिवसांत ते एका आर्केस्ट्रात वाजवत. त्यांच्या ओळखीनं आमच्या ह्यांना काम मिळालं. एरवी ह्यांचा टेम्पो भाजी, सिमेंट वाहायचा, लग्नसराईत आर्केस्ट्रा वाहायला लागला. त्यामुळे मला तिकडच्याही गोष्टी कळत. आर्केस्ट्रात एक गाणारे होते, केस काळे करणारे, कुठल्याशा ऑफिसात नोकरीला. त्यांचं आणि भाऊंचं रोजचं भांडण.

"मास्तर, कंपनीनं भरून देल्ला ना व्हायोलिन? अकरा नंबर. तोच लावा ना. लोकाईले तोच पाह्यजे."

"तो थकत नाई."

"अवो, मी थकलो तुमच्यापायी!"

भाऊंनी एकदा एसटीच्या कंडक्टरची घंटी पकडून आणली, दोरी ओढली की वाजते ती. तिला लांब शेपूट लावलं आणि राजुऱ्याकडच्या एका लग्नात एका दुःखी गाण्याच्या मध्ये वाजवली. ते त्यांना फार सुंदर वाटलं होतं. माणूस निघून जातो, तशी ती घंटी. पण मांडवातला कोणीतरी ओरडला, "चला, गाडी सुटली!" आणि सगळे हसले. नवरदेवही हसला. पुढच्या लग्नात त्यांनी डोकं काढून नुसतं बनवलेलं वाजवलं तर लोक म्हणाले, मशीन बिघडली.

त्या दिवशी ते आल्यावर पायरीवर बराच वेळ बसून होते. भाभींनी पाणी दिलं. मग भाऊ कोणाकडे न बघता म्हणाले, "वळखलं का हसतात. वळखलं नाई का बिघडलं म्हणतात. एक माणूस नाई का, जो आयकून फक्त वळून पाहीन? खरा का बनवलेला, इचारणार नाई?"

त्यांना एवढंच हवं होतं. आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही. आणि हे त्यांना माझ्या माहेरी मिळालं, म्हणून मी हे लिहून ठेवते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

माझं माहेर एटापल्लीच्या पुढे, जंगलात. आम्ही गोंड. आमचा देव पेन. त्याच्या पितळेच्या घंटा गावाबाहेर येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडावर टोपलीत उंच बांधून ठेवतात. वर्षभर त्यांना कोणी हात लावत नाही. पेनाच्या दिवशीच काढतात. घंटा वाजली म्हणजे पेन निघाला. ती काही गाण्याबरोबर वाजवायची घंटा नाही, ती हाक आहे. ऐकली की बायका डोक्यावर पदर घेतात, पुरुष पायातलं काढतात, चालू असलेलं काम थांबतं. आणि ज्याला बोलावलं त्याला परतही पाठवावं लागतं. त्याशिवाय गावात चूल पेटत नाही.

एका वर्षी पेनाच्या दिवसाला हे मला टेम्पोतून सोडायला निघाले, तर भाऊ म्हणाले मीही येतो, हवा बदल. गावात शिरले नाहीत. शिवेवर मोहाच्या झाडाखाली टेम्पोतच बसून राहिले. दुपारी घंटा वाजत झाडापासून गावाकडे आल्या. त्या वेळी भाऊंनी खांद्याला लटकवायचा टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवला होता, हे आम्हाला चंद्रपूरला परतल्यावर कळलं.

त्या पावसाळ्यात दुकानात पेट्या पडून राहिल्या. भाऊ सारखे कीबोर्डावर. घंटेचा पहिला ठोका तेवढा त्यांनी ठेवला. बाकीच्याला पोटात जागा नव्हती, आणि टेपमध्ये टेम्पोवर बसलेल्या कावळ्याचाही आवाज आला होता. पुढचं सगळं त्यांनी बनवलं. रोज थोडं. सकाळी केलेलं संध्याकाळी मोडायचे. भाभी म्हणायच्या, "घंटा एक. आन् महिना का दोन?"

"थकणं जमून नाई राह्यलं."

"माह्याकडून शिका."

एक दिवस मी अंगणात भांडी घासत होते. मागून तो आवाज आला. माझे हात राखेनं भरलेले होते. तसाच हात डोक्याकडे गेला आणि मी पदर घेतला. मग लक्षात आलं की मी चंद्रपुरात आहे. वळून पाहिलं तर भाऊ दुकानाच्या मागच्या दारात उभे. चेहरा असा झालेला की मला वाटलं रडतात.

"पदर घेतला," ते म्हणाले. "अजी, आयकता का? बाईनं पदर घेतला!"

भाभी आतून म्हणाल्या, "मंग का लुगडं वाटू?"

मी त्या दिवशी धीर करून बोलले. म्हटलं, "भाऊ, हा आमच्या पेनाचा हाय. लग्नात नका वाजवू."

त्यांनी माझं ऐकून घेतलं. त्यांनी माझं नेहमीच ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, तुमचा याच्यात पापणी लवते एवढाच हाय. बाकी सारा माहा. तो बी कमी करतो." आणि त्यांनी खरंच कमी केला. डोकं इतकं लहान केलं की त्यांच्या मते ती आता कोणाची घंटा राहिलीच नाही. नुसता एक आवाज राहिला, जो त्यांनी बनवला होता.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या माहेरच्या गावात एका शिक्षकाचं लग्न होतं. आश्रमशाळेत नोकरी लागलेला पोरगा, त्याला आर्केस्ट्रा पाहिजे होता. आमच्या ह्यांनीच ठरवून दिला. मीही गेले. दुपारी मांडव भरलेला, नवरानवरीला हळद लागलेली, जनरेटर लांब लावलेला. गाणारे पहिलं देवाचं गाणं म्हणायला उभे राहिले आणि माइकवरूनच म्हणाले, "मास्तर, मंदिराची घंटी द्या."

कंपनीनं भरून दिलेली घंटी होती. भाऊंनी ती दिली नाही.

मी बायकांत बसले होते. माझ्या आधी माझ्या पुढच्या म्हातारीनं पदर घेतला. मग सगळ्यांनी. ढोलवाल्यांचे हात वरच्या वर थांबले. पुरुषांनी चपला काढल्या, त्या काढताना होतो तेवढा आवाज झाला, बाकी काही नाही. गाणारे दोन ओळी एकटेच गायले आणि थांबले. भाऊ कीबोर्डामागे उभे होते. सगळा मांडव येनाच्या झाडाकडे वळून बघत होता.

त्यांना जे हवं होतं ते समोर होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. पहिल्यांदा ते हसले. मग हसू गेलं.

माझे मामा गावचे भूमक, म्हणजे देवाचं सगळं करणारे. ते मांडवातून उठून झाडापर्यंत गेले आणि परत आले. टोपली बांधलेली होती. घंटा जागेवर होत्या. मामा सरळ स्टेजपाशी आले, कीबोर्डाच्या खाली वाकून पाहिलं, मागे पाहिलं. मग गोंडीत विचारलं, घंटा कुठं ठेवली? भाऊंना गोंडी येत नव्हती. मामांना मराठी येत होती, पण देवाच्या कामात ते मराठी बोलत नसत. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पुढची म्हातारी म्हणाली, "जा ना आता. शयरातून आणलं ना तूनंच? बोल आता."

इतक्या लोकांत मी कधी उभी राहिले नव्हते. स्टेजपाशी जाऊन उभी राहिले आणि मामा बोलले ते भाऊंना सांगितलं.

"घंटा नाई म्हणा त्याईले. आवाज हाय फक्त."

मामा म्हणाले, "घंटा नाही तर आवाज कोणाचा?"

"डोकं तुमचं," भाऊ म्हणाले. "शेपूट माहं."

मला हे गोंडीत कसं सांगावं समजेना. मी म्हटलं, सुरुवात आपली आहे, पुढचं यांनी केलं आहे. मामांनी विचार केला. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, त्याला सांग, त्यानं बोलावलं आणि तो आला आहे. इथं उभा आहे. आता लग्न लागणार नाही. ज्यानं बोलावलं त्यालाच पाठवावं लागेल.

नवरदेव पुढे झाला. हळदीनं पिवळा, घामानं भिजलेला. "मामा, मशीन हाय ते. बटन दाबलं त्यानं. मी शिकवतो पोराईले असलं."

मामांनी त्याला गोंडीत एवढंच विचारलं, "तू चप्पल का काढलीस?"

नवरदेवानं पायाकडे पाहिलं. पाय उघडे होते. तो जाऊन बसला.

भाऊ म्हणाले, "बाई, मी कसा पाठवू? मले का येते? माफी मांगतो, घंटी पुन्हा वाजवून—"

"नका वाजवू!" मी ओरडलेच. मामांना विचारायचीही गरज नव्हती. आधीचा उभा असताना परत हाक मारायची?

मामांनी मात्र वेगळंच सांगितलं. त्याचं आहे तेवढं वाजवू दे. आपलं काढून टाक म्हणावं.

मी सांगितलं. भाऊंनी एक खुंटी पार खाली नेली, दुसरी वर केली. एक बटण दाबलं आणि लगेच सोडलं.

ठोका आला नाही. आवाज कुठून सुरू झाला ते कळलंच नाही. आधी नव्हता, मग होता, आणि जाऊ लागला. लांब, खोल, हळूहळू मिटत जाणारा. दोन महिने त्यांनी ज्याला थकायला शिकवलं होतं तो हा. मामा डोळे मिटून उभे होते. तो नक्की कधी संपला, मला सांगता येणार नाही.

मामांनी डोळे उघडले. "हा जाणारा आहे," ते म्हणाले. "यानंच पाठव."

मी भाऊंना सांगितलं. भाऊंनी मला दोनदा विचारलं. मी दोनदा तेच सांगितलं.

कीबोर्ड येनाच्या झाडापाशी न्यायचा होता. जनरेटरची घरघर मामांना तिथं चालणार नव्हती आणि वायर तेवढी लांब नव्हती. मग आमच्या ह्यांनी आणि चार जणांनी मांडवाच्या लाइटिंगची वायर सोडली, बल्ब काढले, तुकड्याला तुकडा जोडला. दिव्यांशिवाय मांडव भर दुपारीही उतरल्यासारखा दिसत होता. आमचे हे जोड बांधता बांधता पुटपुटत होते, "सिमेंट वाहलं, आर्केस्ट्रा वाहला. आता देव." पण त्यांच्याही पायात चप्पल नव्हती.

झाडाखाली दोन खाटांवर कीबोर्ड ठेवला. वायर बदलताना लाईट गेली होती, म्हणजे कीबोर्ड घंटेचं डोकं विसरला होता. फक्त शेपूट होतं. भाऊंनी मला ते हळूच सांगितलं आणि म्हणाले, "बरं झालं." मामांनी तांदूळ टाकले, मोहाच्या दारूची धार सोडली, भाऊंकडे पाहून मान हलवली. भाऊ जागेवरच बूट काढून उभे होते. मोज्यांना भोक होतं.

त्यांनी बटण दाबलं. सगळं गाव मान खाली घालून उभं होतं. गाणारे साहेबसुद्धा. आवाज झाडाखालून निघाला आणि जंगलाच्या बाजूला जात राहिला, निदान मला तसंच वाटलं. तो विरल्यावरही मामा थांबले. मग म्हणाले, "गेला."

लोक बोलायला लागले, चपला शोधायला लागले. नवरीची आई हळदीचं ताट घेऊन धावत गेली. लग्न लागलं. लोकांनी आर्केस्ट्राही ऐकला, भाऊंनी अकरा नंबरचा व्हायोलिन लावला आणि गाणारे खूष होऊन गायले.

पण त्याआधी झाडाखाली आणखी एक बोलणं झालं. मामा म्हणाले, त्याला सांग, हा आवाज आता इथंच ठेव.

भाऊ पटकन म्हणाले, "डोकं देतो ना. त्याईचंच हाय ते. फ्लॉपी देऊन टाकतो."

मामा म्हणाले, दोन्ही.

"शेपूट माहं हाय," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता. "बाई, सांगा त्याईले. मी बनवलं. कुठून उचललं नाई. पूरा पावसाळा गेला माहा."

मी मामांना सगळं सांगितलं, पावसाळ्याचंही सांगितलं. माझ्या मनातही होतं की तेवढं तरी त्यांच्याकडे राहू द्यावं. मामांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, तुझं होतं, खरं आहे. कोणी नाही म्हणत नाही. पण त्यानं आता देवाला घरी पोचवलं. उद्या हाच दुसऱ्याच्या लग्नात वाजवशील, तर तिथून कोण उठून जाईल, तुला माहीत आहे?

हे मी भाऊंना सांगितलं तेव्हा ते खाटेच्या कडेवर बसले. हात गुडघ्यांवर टाकले. मला वाटलं आता थकलो म्हणतील, पण तसं म्हणाले नाहीत. मग उठून त्यांनी शेपूटही फ्लॉपीत घातलं आणि कीबोर्डातून पुसलं. खुंट्या एकेक करून सगळ्या शून्यावर आणल्या. फ्लॉपी काढून मामांच्या हातात दिली, दोन्ही हातांनी.

मामांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, ठोकून पाहिली नाही. कापडात बांधली आणि घंटांच्या टोपलीत ठेवून टोपली वर चढवली.

परत येताना टेम्पोत आम्ही तिघं पुढे. आलापल्ली मागे पडली. मग भाऊ एकदम म्हणाले, "पाह्यलं ना बाई? साऱ्याईची मान खाली होती. एक बी इचारला नाई, खरा हाय का बनवलेला."

"हो भाऊ."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आन् आता मले वाजवता येत नाई."

आमचे हे म्हणाले, "दुसरा बनवा ना, मास्तर. तुमच्या बोटात हाय."

"बोटात हाय," भाऊ म्हणाले.

बोटांत होतं हे खरं. कुठली खुंटी किती फिरवायची ते सगळं त्यांना पाठ होतं. एका दुपारी पाच मिनिटांत तो पुन्हा उभा राहिला असता. मी भिंतीपलीकडेच राहायची, कधी तरी तो ऐकू येईल म्हणून कान देऊन असायची. आला नाही. आर्केस्ट्रात ते अकरा नंबर लावत राहिले, बुकिंग वाढलं, भाभींनी गल्लीला ऐकू जाईल असं बोलणं कमी केलं. मला एकदा म्हणाल्या, "आता भांडे बी वाजवत नाई गं. भाजीवाला परत आला. मले का करमते?" भाभींच्या तोंडून हे ऐकणं मला अवघड गेलं.

पुढे कोळशाच्या धुळीनं कीबोर्डाचं फ्लॉपीचं तोंड बसलं. भाऊंनी उघडून साफ केलं, चाललं नाही. तोवर नवे लहान कीबोर्ड निघाले होते, सगळं आत भरूनच येत होतं. आर्केस्ट्राही मोडला, लोक डीजे लावू लागले. भाऊ पुन्हा पेट्या घासू लागले. तोवर त्यांची नजर उतरली होती, बोटानं चाचपून घासायचे. आमच्या ह्यांची कंबर गेली, टेम्पो विकला. मीही दोन घरी पोळ्या करायला जाऊ लागले. संध्याकाळी आम्ही सगळेच थकून त्या पायरीवर बसायचो.

दरवर्षी पेनाच्या दिवसाला मी माहेरी जायची. घंटा काढत, तेव्हा कापडाची ती पुरचुंडीही काढत. घंटांना पाणी घालत, हिला घालत नसत, नुसती हळद लावून परत ठेवत. नव्या सुना विचारायच्या, हे काय? मामा सांगायचे, पाठवणीचं आहे.

शेवटच्या वेळी गेले तेव्हा मामा फार म्हातारे झाले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, मामा, ज्या मशीनमध्ये ते वाजायचं ती बिघडली. तशी आता कोणाकडे नाही. आता ते कोणाला वाजवता येणार नाही.

मामांना त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हणाले, "वाजवायचं कशाला? ठेवलं आहे ना."

चंद्रपूरला परत आल्यावर मी हे भाऊंना सांगितलं. ते एका पेटीची पट्टी घासत होते. कानस थांबली.

"पावसात भिजत तर नाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाई भाऊ. मामानं वरून मेणकापड बांधलं."

"हां," ते म्हणाले, आणि पुन्हा घासू लागले.